आयते मत नको!

धनवंतांनी सरकारदरबारी आपले वजन खर्चावे, ही रीत जुनीच आहे. परंतु ते वजन गरिबांच्या नावाने खर्ची पडू लागते, तेव्हा सावध व्हावयास हवे.

डिसेंबर २०१५ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने जनतेस विचारले : इंटरनेटवरील निरनिराळ्या मजकुरासाठी निरनिराळे दर आकारू द्यावेत काय? फेसबुकच्या ‘फ्री बेसिक्स’ योजनेत निवडक संकेतस्थळे फुकट मिळत. मात्र दाराची किल्ली कंपनीच्या हाती! ती योजना वाचविण्यासाठी कंपनीने वृत्तपत्रांत पानभर जाहिराती दिल्या. तिचे प्रमुख झुकेरबर्ग यांनी लेख लिहून महाराष्ट्रातील एका शेतकऱ्याचा दाखला दिला. फेसबुक वापरणाऱ्यांपुढे आयता मजकूर ठेवण्यात आला. बोट दाबताच तो त्यांच्या नावाने प्राधिकरणाकडे जाई. अशी लाखो पत्रे गेली. पण विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे त्या मजकुरात नव्हतीच! प्राधिकरणाने तसे कंपनीस सुनावले आणि ८ फेब्रुवारी २०१६ रोजी असे भेदभावाचे दर निषिद्ध केले. त्याच महिन्यात कंपनीने ती योजना भारतातून मागे घेतली.

साक्षी मोजावयाच्या नसतात, तोलावयाच्या असतात, हे न्यायालयाचे तत्त्व येथेही खरे ठरले. म्हणून सांगणे एवढेच की, सरकार जेव्हा तुमचे मत विचारील, तेव्हा दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिऊ नका. प्रश्न वाचा, घरात चर्चा करा आणि आपल्या शब्दांत चारच ओळी लिहा. त्या चार ओळी तुमच्या असतील.