नाव दुकानाचं, पारख आपली

एरच, जि. झाशी

फौजी माणसासारखं ब्रँडला चिकटून राहणारं गिऱ्हाईक शोधून सापडणार नाही. नोकरीला लागल्यावर कॅन्टीनमध्ये जो साबण हातात पडला, तोच पेन्शनीतही लागतो. टूथपेस्ट तीच, दाढीचं क्रीम तेच, चहाही तोच. याचं कारण सरळ आहे. कॅन्टीनने आपल्याला नावाजलेल्या कंपन्यांचा माल बाजारापेक्षा स्वस्त दिला. स्वस्त आणि नावाजलेलं एकाच काउंटरवर मिळत असेल, तर माणूस पाकिटाची मागची बाजू कशाला वाचेल?

हा विषय काढला एरचमधल्या एका निवृत्त हवालदार साहेबांनी. सध्या आमचा मुक्काम या भागात आहे. का आणि किती दिवस, ते इथे लिहिण्यासारखं नाही. एरच हे बेतवा नदीकाठचं जुनं गाव. प्राचीन काळी याचं नाव एरिकच्छ होतं. हिरण्यकश्यपूची राजधानी हीच आणि होळीची सुरुवात इथूनच झाली, असं इथला प्रत्येक माणूस पहिल्या पाच मिनिटांत सांगतो. आज ते छोटं नगर आहे. झाशी इथून सत्तरएक किलोमीटर. कॅन्टीनही तिकडेच.

हवालदार साहेबांचा प्रश्न साधा होता. "साहब, झाशीत मोठ्या दुकानात त्यांच्या स्वतःच्या नावाचा माल मिळतो. सून म्हणते स्वस्त आहे. घ्यावा की नाही?" मी त्यांना तिथल्या तिथे थोडक्यात उत्तर दिलं. पण असाच प्रश्न साताऱ्याच्या, कोल्हापूरच्या, नगरच्या गावांत राहणाऱ्या आपल्या कितीतरी माजी सैनिकांच्या घरी पडत असणार, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी कॅन्टीनचा हिशेब बघू, कारण तो बदलला आहे आणि बऱ्याच जणांच्या लक्षात आलेला नाही. कॅन्टीनचा माल स्वस्त पडतो त्याची दोन मुख्य कारणं. एक, घाऊक खरेदी. दुसरं, सीएसडीला जीएसटीचा अर्धा भाग परत मिळतो. साबण, शाम्पू, टूथपेस्ट, केसांचं तेल यांवर १८ टक्के कर होता, तेव्हा त्यातले ९ टक्के सुटत. २२ सप्टेंबर २०२५ पासून या वस्तूंवरचा कर ५ टक्के झाला. आता सुटतात अडीच टक्के. म्हणजे हजार रुपयांच्या मूळ किमतीच्या मालावर कराच्या वाटेने पूर्वी ९० रुपये वाचत, आता २५ वाचतात. घाऊक खरेदीचा फायदा आहेच, पण फरकातला एक मोठा तुकडा गळाला.

यात कॅन्टीनचा दोष काही नाही. बाहेरच्या गिऱ्हाइकालाच माल स्वस्त झाला, ही चांगलीच गोष्ट आहे. पण कॅन्टीनच्या गावात राहणाऱ्यासाठी २५ रुपये ही बचत आहे. एरचहून झाशीला जाणाऱ्याचं तेवढ्यात बसचं परतीचं तिकीटही निघत नाही. वर रिक्षा, बाहेरचं जेवण आणि अख्खा दिवस. पेन्शनवरच्या घरात हा हिशेब महत्त्वाचा आहे. त्यामुळे कॅन्टीनबाहेर काय घ्यायचं हे आता शिकून घ्यायला हवं.

आता दुकानाच्या स्वतःच्या नावाचा माल म्हणजे काय? डीमार्टचं 'प्रीमिया', रिलायन्सचं 'गुड लाइफ', विशाल मेगा मार्टचं 'फर्स्ट क्रॉप' ही त्यातली काही नावं. माल सहसा दुसराच कोणीतरी कारखानदार बनवतो किंवा भरतो, दुकान त्यावर आपलं नाव घालतं. टीव्हीवर जाहिरात नाही, नटनट्यांना पैसे नाहीत, मधला वितरक नाही. म्हणून तो स्वस्त देणं परवडतं. यात दानधर्म नाही. बहुतेकदा दुकानाला या मालावर नावाजलेल्या मालापेक्षा जास्तच सुटतं. आपलाही फायदा होत असेल तर आपली तक्रार असायचं कारण नाही.

तसं पाहिलं तर ही कल्पना जुनीच आहे. एरचच्या बाजारात एक दुकान आहे. पोत्यात मसूर, चणाडाळ, वाटाणा, तीळ. कशावरही नाव नाही. मी विचारलं, माल कुठल्या कंपनीचा? दुकानदार म्हणाला, "कंपनी काहे की साहब, दुकान हमाओ है." हाच मूळचा स्वतःचा ब्रँड. डाळ किडकी निघाली तर गिऱ्हाईक त्याच्याच दारात येऊन उभं राहणार, हे त्याला माहीत असतं.

आणि ब्रँडशिवाय जेवायची सवय आपल्यापेक्षा जास्त कोणाला असेल? खडकवासल्याला तीन वर्षं मेसमध्ये जेवलो, पुढे लंगरात जेवलो. डाळ कुठल्या कंपनीची हे कोणी विचारलं नाही. याचा अर्थ फौज डोळे मिटून खरेदी करते असा नाही. डाळ, साखर, चहा असा माल आर्मी पर्चेस ऑर्गनायझेशन विकत घेते तेव्हा आधी निकष लिहिलेले असतात: ओलावा किती, तुटके दाणे किती, कचरा किती. माल आला की एएससीच्या प्रयोगशाळेत तो या निकषांवर तपासला जातो. बसला तर आत, नाही बसला तर परत. पुरवठादाराचं नाव कितीही मोठं असलं तरी निकष तोच.

माझं म्हणणं एवढंच आहे की घरची खरेदीही याच शिस्तीने करावी. जिथे निकष डोळ्यांना दिसतो किंवा पाकिटावर छापलेला असतो, तिथे दुकानाच्या नावाचा माल बिनधास्त घ्यावा. जिथे दोन्ही नाही आणि सगळा भरवसा न दिसणाऱ्या प्रक्रियेवर आहे, तिथे चार पैसे जास्त मोजावेत.

बिनधास्त घ्यावं असं

अख्ख्या डाळी, कडधान्यं, तांदूळ, पोहे, शेंगदाणे. पाकीट पारदर्शक असतं. दाणा एकसारखा आहे का, चुरा किती, भुंगा आहे का, सगळं दिसतं. काजू-बदामही याच यादीत. काजूवर 'डब्ल्यू ३२०' असं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ एका पौंडात, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅममध्ये, जास्तीत जास्त ३२० गर बसतात. 'डब्ल्यू २४०' म्हणजे गर मोठे. हा आकडा दोन्ही पाकिटांवर सारखा असेल आणि गर अख्खे, पांढरे दिसत असतील, तर नावाला वेगळे पैसे कशाला द्यायचे?

मीठ आणि साखर. आयोडीनयुक्त मिठात दुकानापर्यंत पोचल्यावर किमान १५ पीपीएम आयोडीन राहिलं पाहिजे, हा नियम सगळ्यांना एकच आहे. साखर ही साखरच.

फिनाईल, फरशी पुसायचं द्रव, भांड्याचा साबण, कचऱ्याच्या पिशव्या, ॲल्युमिनियम फॉईल. हे पोटात जात नाही. एकदा आणून बघा. भांडं निघालं नाही तर पुढच्या महिन्यात बदला.

मागची बाजू वाचून घ्यावं असं

अंगाचा साबण. बाजारात 'टॉयलेट सोप' आणि 'बेदिंग बार' असे दोन प्रकार आहेत आणि ते शेजारीशेजारी ठेवलेले असतात. टॉयलेट सोपच्या पहिल्या प्रतीत टीएफएम, म्हणजे स्निग्ध पदार्थांचं प्रमाण, किमान ७६ टक्के लागतं. बेदिंग बारला ४० टक्केसुद्धा चालतं. दुकानाच्या साबणावर 'ग्रेड १, टीएफएम ७६ टक्के' असेल तर आनंदाने घ्या. मोठ्या नावाच्या कंपनीचा बेदिंग बार असेल तर तो नावामुळे टॉयलेट सोप होत नाही.

जॅम, केचप, बिस्किटं. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते. पहिलं नाव ज्याचं, तो पदार्थ सर्वांत जास्त. जॅममध्ये किमान ४५ टक्के फळ हवं असा नियम आहे (स्ट्रॉबेरीला सवलत आहे, २५ टक्के). केचपवर टोमॅटोचं प्रमाण बघा. दोन बाटल्या शेजारी धरल्या की अर्ध्या मिनिटात निकाल लागतो.

तेल. एकाच बियांचं आहे की मिश्रण, ते वाचा. मग वजन बघा. एक लिटर तेल म्हणजे सुमारे ९१० ग्रॅम. पिशवी लिटरएवढीच दिसते आणि आत ७५० किंवा ८०० ग्रॅम असतं, असंही होतं. कमी भाव बघून उचलण्याआधी हा आकडा शोधा.

सोडून द्यावं असं

दळलेले मसाले, बेसन आणि तूप. हळद, तिखट, धनेपूड यांत काय मिसळलं ते डोळ्यांना दिसत नाही. अख्खे धने, अख्खी मिरची दुकानाच्या नावाची घ्या आणि घरी किंवा गिरणीत दळा. बेसनाऐवजी चणाडाळ दळून आणा. वाटाण्याचं पीठ त्यात मिसळलं का, हा प्रश्नच उरत नाही. तुपाच्या बाबतीत मी भाव बघत नाही. ज्या डेअरीचं दूध वर्षानुवर्षं घरात येतं, तिचंच तूप घेतो.

लोणची आणि पापड. इथे निकष जिभेचा आहे आणि ती आपापल्या गावची असते.

आता दोन सावधगिरीच्या गोष्टी. पहिली, 'छापील किंमत २००, आमची किंमत १३०' या पाटीला भुलू नका. दुकानाच्या स्वतःच्या मालावरची छापील किंमतही त्यांच्याच हातात असते. २०० हा आकडा त्यांचाच आणि १३० हाही त्यांचाच. मग ७० रुपये वाचले ते कोणाच्या तुलनेत? आता पाकिटावर दर ग्रॅमचा किंवा दर किलोचा भाव छापावा लागतो. तुलना त्याच आकड्यांची करायची, आणि सुटी डाळ शेजारच्या वाण्याकडे कितीला आहे हेही बघायचं. पाकीटबंद, छापील लेबलच्या डाळीवर ५ टक्के जीएसटी आहे, सुट्या डाळीवर नाही. शिवाय बुंदेलखंड हा डाळी-कडधान्यांचाच मुलूख. एरचच्या माणसाने मसूर झाशीच्या मॉलमधून आणावी, हे कोकणातल्या माणसाने कोकम मुंबईहून आणण्यासारखं झालं.

दुसरी गोष्ट छोट्या गावांतली. तिथे दुकानाच्या मालाची स्पर्धा खऱ्या ब्रँडशी कमी आणि नकली ब्रँडशी जास्त असते. रंग तोच, अक्षरं तशीच, नावात एखादी वेलांटी इकडची तिकडे. अशा पाकिटापेक्षा दुकानाच्या नावाचा माल शंभर पटीने बरा, कारण त्याच्यामागे तक्रार घेऊन जाता येईल असा पत्ता तरी आहे. पाकिटावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक, तारीख आणि तक्रारीचा फोन नंबर हे खाण्याच्या प्रत्येक वस्तूवर हवंच. नसेल तर ते पाकीट परत फळीवर ठेवायचं.

मराठी घरांना खरं तर यातलं काही नवीन नाही. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ मध्ये सुरू झाली, ती याच विचारावर. काही कुटुंबांनी एकत्र यायचं, महिन्याची यादी आधी द्यायची, पारखून घेतलेला माल एकदम आणायचा आणि वाटून घ्यायचा. त्याआधी १९४८ मध्ये नायगावच्या कामगार वस्तीत अपना बाजारची सुरुवात झाली. ज्यांच्या हातात पगार मोजका होता, त्यांनीच ही पारख उभी केली.

हवालदार साहेबांना मी शेवटी सांगितलं ते असं. कॅन्टीनची फेरी तीन महिन्यांतून एकदा करा, आणि ईसीएचएसच्या औषधांसाठी झाशीला जायचं असेल त्याच दिवशी. फ्रिज, मिक्सर, प्रेशर कुकर घ्यायचा असेल तेव्हा कॅन्टीनचा भाव आधी बघा. साबण-फिनाईल-साखर मोठ्या दुकानातून, त्यांच्या नावाची चालेल, मागची बाजू वाचून. डाळ आणि धने इथेच, बाजारातून. गावात आणखी तीन-चार माजी सैनिक आहेत, तर चौघांची यादी एकाने घेऊन जायची. कार्डावरची खरेदी ज्याची त्याने करावी, पण मोठ्या दुकानाला कार्ड लागत नाही.

ते म्हणाले, "मागची बाजू वाचायला चष्मा लागेल." मी म्हटलं, सुनेला वाचायला सांगा. दुकानाच्या मालाचा शोध तिनेच तर लावला.