पन्नास अंडी आणि एक खोका

परवा ‘कूल हँड ल्यूक’ पुन्हा पाहिला. १९६७ चा सिनेमा, पॉल न्यूमन ऐन भरात. दारूच्या नशेत पार्किंग मीटरची मुंडकी कापली म्हणून ल्यूकला दोन वर्षांची सजा होते, आणि इतर कैद्यांबरोबर रस्त्याच्या कामाला जुंपतात.

ज्याला त्याला आठवतात ती तासाभरात पन्नास अंडी खाण्याची पैज. मजा येते, नाही असं नाही. पण मला विचाराल तर खरा सिनेमा पुढे आहे. आई गेल्याची बातमी येते. ल्यूक बांजो घेऊन एकटाच गात बसतो. आईच्या मातीला जायला हा पळेल, म्हणून त्याला अंधाऱ्या खोक्यात कोंडतात. तोवर त्याने पळायचा एकदाही प्रयत्न केलेला नसतो! कोंडणारा पहारेकरी ओशाळून म्हणतो, मी आपलं माझं काम करतोय. काम म्हटल्याने ते योग्य ठरत नाही, असं ल्यूक त्याला सुनावतो.

बाहेर आल्यावर मात्र तो पळतच सुटतो. ती वाट त्याला खोक्यानेच दाखवली, असं माझं स्पष्ट मत आहे.

आमच्या शाळेत इन्स्पेक्शन होतं तेव्हा वर्गातल्या एका वांड मुलाला मी दिवसभर नकाशांच्या खोलीत बसवलं होतं. ‘हा काहीतरी करेल’ म्हणून. केलं काहीच नव्हतं त्याने. दुसऱ्या दिवशी खडूंची अख्खी पेटी विहिरीत गेली. स्टाफरूममध्ये मीच म्हणाले होते, ‘बघा, मी सांगत नव्हते?’