एक्स-रे नॉर्मल, खुबा निकामी

मांडी घालून बसताना जांघेत कळ आली की आपल्याकडे तिची वाट ठरलेली. आधी बाम, मग मेडिकलवाल्याची गोळी, मग ‘शीर दबली असेल’ म्हणून इंजेक्शन. एक्स-रे काढलाच तर नॉर्मल. घात इथेच होतो. मांडीच्या हाडाच्या गोल डोक्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या बारीक. तो पुरवठा तुटला की हाड आतून मरू लागते. सुरुवातीला हे दाखवतो तो एमआरआय. डोके खचण्याआधी कळले तर खुबा वाचण्याची आशा असते. खचल्यावर बहुधा कृत्रिम सांधाच.

मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. संजय अगरवाला आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये कोरोनातून उठलेले, चाळिशीच्या आतले असे तीन रुग्ण नोंदवले, ज्यांच्या खुब्याचे हाड मरू लागले होते. स्टेरॉइडनंतर हा आजार एरवी सहा महिने ते वर्षाने डोके वर काढतो. इथे कोरोनाच्या निदानापासून सरासरी ५८ दिवसांतच, तोही प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या सरासरी अवघ्या ७५८ मिलिग्रॅम एकूण मात्रेवर. तीन रुग्णांवरून सिद्धांत होत नाही. पण विषाणूचाही हात असावा, हा संशय रास्त आहे. एचआयव्हीबाबत तर तो जुनाच. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, खुब्याची तक्रारच नसलेल्या ३३९ बाधित प्रौढांपैकी १५ जणांत मृत हाड सापडले होते. एचआयव्हीबाधित मुलांना घर देणारी ‘इन्फंट इंडिया’ संस्था बीडजवळच्या पालीत आहे. अशी मुले आता औषधांच्या बळावर मोठी होतात. त्यांच्या नेहमीच्या तपासणीत ‘जांघ दुखते का?’ एवढे विचारायला खर्च येत नाही.

स्टेरॉइडला खलनायक ठरवण्याचे कारण नाही. प्राणवायूवरच्या कोरोना रुग्णांचे जीव डेक्सामेथासोन या स्टेरॉइडनेच वाचवले. पण ज्यांना प्राणवायू लागत नव्हता, त्यांना लाभ नसतानाही ते सर्रास दिले गेले, आणि किती दिले हे अनेकांच्या कागदावर नाही.

बीडमध्ये या दुखण्याची किंमत वेगळी आहे. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, आणि मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल त्या जोडीवर. एकाचा खुबा गेला की वाकणे, मोळी उचलणे बंद. उचल मात्र अंगावर राहते. अशा माणसाला ‘एमआरआय करून घ्या’ म्हणणे सोपे, शहरातले भाडे आणि बुडालेली मजुरी कोण देणार? म्हणून आरोग्य खात्याने डिस्चार्ज कार्डावर स्टेरॉइडचे नाव, मात्रा आणि दिवस मराठीत लिहिणे सक्तीचे करावे, आणि अशा रुग्णाची जांघ दुखू लागली तर सरकारी एमआरआयची तारीख त्याला हंगाम संपण्याआधी द्यावी.