‘वयच झालं’ म्हणण्याआधी

स्त्रियांच्या आरोग्याचा प्रश्न आपण चळवळीत मांडला तो बहुतेक वेळा गर्भाशयाभोवती. १९८६ मध्ये नेट-एन या गर्भनिरोधक इंजेक्शनाविरुद्ध स्त्री-संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या, ते योग्यच होतं. पण पाळी गेलेली, साठी उलटलेली बाई आपल्या कार्यक्रमातून गळाली. ती मात्र औषधं घेतच असते. गुडघ्यासाठी, कमरेसाठी, बीपीसाठी, साखरेसाठी. त्या औषधांनी तिला काय केलं, हे विचारायला कुणी नसतं.

मी वस्त्यांमध्ये ज्येष्ठ स्त्रियांबरोबर काम करते. आमच्या गटातल्या एक आजी ७२ वर्षांच्या, वजन ४० किलो. बीपीच्या दोन गोळ्या चालू, त्यातली एक लघवी जास्त होण्याची. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलवाल्याकडून आणलेली वेदनाशामक गोळी रोज दोनदा. हळूहळू पाय सुजले, जेवण जाईना, बोलण्यात गोंधळ होऊ लागला. घरचे म्हणाले, वयच झालं. शेवटी दवाखान्यात नेल्यावर कळलं की किडनीला इजा झाली होती. वेदनाशामक बंद झालं, उपचार झाले आणि काही आठवड्यांत आजी पुन्हा नीट बोलू लागल्या. म्हातारपण गोळी बंद केल्यावर बरं होत नसतं!

याच आजींच्या आधीच्या रिपोर्टवर क्रिएटिनिन १.० होतं आणि पुढे ‘नॉर्मल’ लिहिलं होतं. इथेच खरी गोम आहे. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं. आयुष्यभर सगळ्यांच्या शेवटी जेवून वाळलेल्या बाईच्या अंगावर स्नायू किती असणार? रक्तात ते मुळातच कमी येतं, म्हणून किडनी मंदावली तरी आकडा ठीक दिसतो. १९७६ साली कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांनी दिलेल्या सूत्राने हिशेब करून पाहा. १४० मधून वय वजा करा, वजनाने गुणा, ७२ पट क्रिएटिनिनने भागा, बाई असेल तर ०.८५ ने गुणा. आजींचं उत्तर येतं मिनिटाला सुमारे ३२ मिलिलिटर. तेच १.० क्रिएटिनिन असलेल्या, ६५ किलो वजनाच्या, तिशीतल्या पुरुषाचं येतं ९९. कागदावर दोघेही ‘नॉर्मल’!

आणखी एक गोष्ट मैत्रिणींनो, लक्षात घ्या. हे सूत्र ज्यांच्या तपासणीवरून बांधलं ते जवळजवळ सगळे पुरुष होते. स्त्रियांसाठी १५ टक्के कमी धरा, हा अंदाजच होता. आज नवी सूत्रं आली आहेत, पण वस्तीतल्या बाईच्या वाट्याला अजून अनेकदा नुसता क्रिएटिनिनचा आकडाच येतो.

किडनी मंदावली की औषध अंगात साचतं. साखरेची ग्लिबेनक्लामाइड गोळी साचली तर साखर घसरते आणि बराच वेळ वर येत नाही. नसांच्या दुखण्यावरची प्रीगाबालिन साचली तर गुंगी येते, तोल जातो, खुबा मोडतो. डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामकं तर किडनीकडे जाणारा रक्तपुरवठाच कमी करतात. त्यांच्या जोडीला बीपीची काही औषधं आणि लघवीची गोळी असेल तर धोका फार वाढतो. त्यात संडासाची सोय नाही म्हणून बाई दिवसभर पाणी टाळते. हा दोष तिचा की नगरपालिकेचा?

याच डायक्लोफिनॅकने किडनी निकामी होऊन गिधाडं मेली, तेव्हा २००६ मध्ये सरकारने जनावरांसाठी त्यावर बंदी आणली. चांगलंच झालं. माणसांना ते चिठ्ठीशिवाय विकता येत नाही असा नियम आहे. तो किती पाळला जातो, हे कुठल्याही मेडिकलच्या दुकानापाशी दहा मिनिटं उभं राहिलं की कळतं.

म्हणून आता बायकांना ‘गोळ्या खाऊ नका’ असं दटावायचं का? माझा त्याला विरोध आहे. ती गोळी खाते कारण दुखऱ्या गुडघ्यांनी तिला पाणी भरायचं असतं, भांडी घासायची असतात, नातवंडं सांभाळायची असतात. विश्रांती तिला कुणी देत नाही, गोळी मात्र मिळते. घरातलं काम वाटून घेतल्याशिवाय हा उपदेश म्हणजे तिच्यावरच दुसरा अन्याय.

आपल्या मागण्या साध्या आहेत. साठीपुढच्या प्रत्येक बाईच्या रिपोर्टवर क्रिएटिनिनबरोबर किडनीच्या कामाचा हिशेब छापला जावा. प्राथमिक आरोग्य केंद्रात तिची सगळी औषधं एकत्र तपासली जावीत आणि मात्रा त्या हिशेबाने ठरावी. गटांनीही काम घ्यावं. बैठकीला प्रत्येकीने घरातल्या गोळ्यांची पिशवी आणावी, यादी करावी, ती डॉक्टरांपुढे ठेवून विचारावं, ‘माझ्या किडनीला हे चालेल का?’ नवं औषध सुरू झाल्यावर गोंधळ, गुंगी, सूज, पडणं, लघवी कमी होणं दिसलं तर लगेच दाखवावं. मनाने सगळीच औषधं बंद करू नयेत. २०१० पासून देशात औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारी सरकारी यंत्रणा आहे. १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर रुग्ण किंवा घरच्या माणसालाही तक्रार नोंदवता येते. आपल्या आज्यांचा त्रास तिथे नोंदला गेला, तरच तो ‘वय’ म्हणून पुसला जाणार नाही.