पोरांचं बटण पोरांनाच दाबू द्या

मंडळी, आज जरा भांडायचा मूड आहे. आठवडाभर ऑफिसात गोड बोलून झालं, शनिवारी तरी खरं बोलू द्या.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो. शाळकरी मुलांच्या रोबॉटिक्समधला सगळ्यात मोलाचा धडा म्हणजे 'बटण दाबलं की मोटर उलटी फिरली पाहिजे', आणि नेमका तोच धडा आपण मोठी माणसं आयता कोड देऊन मुलांच्या हातून काढून घेतो. क्लासवाले घेतात, शाळा घेतात, आणि प्रदर्शनाच्या आदल्या रात्री आयटीतले बाबा-काका तर हमखास घेतात. हल्ली त्यात एआय चॅटबॉटची भर पडली आहे.

"बटण आणि मोटर? त्यात काय एवढं?" असं वाटत असेल तर पुढचं वाचाच.

नेहमीचं सामान घ्या. एक आर्डुइनो उनो, एक एल२९८एन ड्रायव्हर, दोन पिवळ्या बीओ मोटर, चाकं आणि एक पुश बटण. पुण्यात तपकीर गल्ली नाहीतर मुंबईत लॅमिंग्टन रोड पालथा घातला की सगळं मिळतं. एल२९८एनमध्ये दोन एच-ब्रिज असतात. एच-ब्रिज म्हणजे इंग्रजी एचच्या आकारात मांडलेले चार स्विच. तिरपी एक जोडी चालू केली की करंट मोटरमधून एका दिशेने जातो, दुसरी केली की उलट दिशेने. एक पिन हाय, दुसरी लो, म्हणजे पुढे. अदलाबदल केली की मागे. झाला प्रोग्राम!

मग मुलगी (बारा वर्षांची समजा) लिहिते: बटण दाबलेलं असेल तर दिशा बदल. वाक्य अगदी बरोबर आहे, आपणही असंच बोलतो. ती बटण दाबते. कधी रोबॉट मागे जातो, कधी पुढेच जातो. परत दाबते, परत तोच जुगार.

का? कारण बोट बटणावर टेकून सुटायला साधारण सेकंदाचा सातवा-आठवा हिस्सा लागतो, आणि तेवढ्या वेळात आर्डुइनोचा लूप हजारो वेळा फिरून येतो. प्रत्येक फेरीत त्याला बटण 'दाबलेलं' दिसतं आणि प्रत्येक फेरीत तो इमानदारीत दिशा बदलतो. बदलांची संख्या सम की विषम, यावर रोबॉट कुठे जाणार ते ठरतं. थोडक्यात, छापा-काटा.

इथे त्या मुलीला काय कळायला हवं? 'दाबलेलं असणं' आणि 'दाबलं जाणं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली स्थिती, दुसरी घटना. घटना ओळखायची तर मघाशी काय होतं ते लक्षात ठेवावं लागतं. मघाशी सुटलेलं होतं आणि आता दाबलेलं आहे, एवढ्याच क्षणी दिशा बदलायची. एक जास्तीचा व्हेरिएबल, बस. पण हा व्हेरिएबल तिने स्वतः शोधला तर 'स्टेट' म्हणजे काय ते तिला जन्मभर पुरेल. चार वर्षं इंजिनिअरिंग करून इंटरव्ह्यूला येणाऱ्या कित्येकांना हा फरक शब्दांत सांगता येत नाही. समोर बसून पाहिलंय म्हणून बोलतोय.

आता आपले क्लासवाले काय करतात? मधे एका क्लासच्या प्रात्यक्षिकाला गेलो होतो (नाव सांगत नाही, उगाच कशाला). सगळ्या मुलांच्या कोडमध्ये तीच एक ओळ होती: दिशा बदलल्यावर अर्धा सेकंद डिले. "ही ओळ कशाला?" असं एका मुलाला विचारलं तर उत्तर आलं, "सरांनी सांगितलंय, काढायची नाही."

वा! त्या अर्ध्या सेकंदात आर्डुइनो तुमचा लूप फिरवत नाही. समोर भिंत आली तरी सेन्सर वाचत नाही. दोनशे आरपीएमची मोटर आणि ६५ मिलिमीटरचं चाक धरा. कागदावर अर्ध्या सेकंदात ३४ सेंटीमीटर, भार धरला तर थोडं कमी. म्हणजे फूटभर अंतर रोबॉट डोळे मिटून धावतो. शिवाय बोट अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त दाबून धरलं की दिशा परत बदलते ती बदलतेच. म्हणजे बग झाकला गेला, मेला नाही. आणि मुलगा शिकला काय? तर 'न समजलेल्या ओळीला हात लावायचा नाही.' हा धडा त्याला नोकरीत आम्ही शिकवूच हो, एवढी घाई कशाला?

पुढची गंमत तर पुस्तकातल्या कोडमध्ये सापडतच नाही. बटणातले धातूचे तुकडे एकमेकांवर आपटून काही मिलिसेकंद थरथरतात, त्यामुळे एकदा दाबलेलं बटण आर्डुइनोला तीन-चारदा दाबल्यासारखं दिसू शकतं. यालाच बाउन्सिंगचं दुखणं म्हणतात. तेही सोडवलं, तरी मोटर शिल्लक आहेच. फिरणारी मोटर स्वतः जनरेटरसारखी विरुद्ध व्होल्टेज तयार करत असते. भरधाव मोटरला एकदम उलटा पुरवठा दिला की दोन्हींची बेरीज होते, आणि क्षणभर जाम झालेल्या मोटरपेक्षाही जास्त, जवळपास दुपटीपर्यंत करंट ओढला जातो. पोरांनी नऊ व्होल्टची छोटी चौकोनी बॅटरी लावलेली असेल तर ती मान टाकते, आर्डुइनो रिसेट होतो, दिशेचा व्हेरिएबल पुसला जातो आणि रोबॉट परत 'पुढे' पासून सुरू! मुलाला वाटतं कोड चुकला. कोड बरोबर असतो, पण मोटर हे जड चाक ओढणारं खरंखुरं यंत्र आहे याचा विचार कोडमध्ये नसतो.

उपाय साधा आहे. आधी थांब, वेग उतरू दे, मग उलट फीर. तुमच्या बिल्डिंगची लिफ्ट हेच करते. ती वर जात असताना चौथ्या मजल्यावर कोणी खाली जायचं बटण दाबलं म्हणून अधांतरी उलटी फिरत नाही. मागणी लक्षात ठेवते, आपलं काम संपवते, मग वळते. आणि शिलाई मशीन बघा. उलट टाक्याची खिट्टी दाबून धरली आहे तोवर उलट टाका, सोडली की सरळ. तिथे काही लक्षात ठेवायची गरजच नाही. आपल्या रोबॉटला लिफ्ट व्हायचंय की शिलाई मशीन, हा निर्णय आहे, आणि तो मुलांनी वाद घालून घ्यायचा आहे. अमेरिकेतली फर्स्ट रोबॉटिक्स ही शाळकरी मुलांची मोठी स्पर्धा आहे. तिथे वापरल्या जाणाऱ्या डब्ल्यूपीआयलिब या लायब्ररीत यासाठी वेगवेगळी नावंच आहेत: ऑनट्रू, व्हाइलट्रू, टॉगलऑनट्रू. 'बटण दाबलं' याचे अर्थ किती, ते यावरून बघा.

"अहो, पण खेळण्यातला रोबॉट, एवढं काय मनावर घेता?" घेतो. थेरॅक-२५ हे कॅन्सरवर किरणोपचार करणारं यंत्र. १९८५ ते १९८७ या काळात त्याने सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर डोस दिला, निदान तीन माणसं त्यातून दगावली. त्यातल्या एका बगचं स्वरूप ओळखीचं आहे. ऑपरेटरने पडद्यावरची नोंद चटकन दुरुस्त केली, पण यंत्राचे चुंबक जागेवर यायला सुमारे आठ सेकंद लागायचे, आणि त्या वेळात झालेला बदल सॉफ्टवेअरच्या लक्षातच यायचा नाही. आधीच्या थेरॅक-२० मॉडेलमध्येही तसाच बग होता, पण तिथे हार्डवेअरचे अडसर होते म्हणून माणसं वाचली. माणसाचं बोट, प्रोग्रामचा वेग आणि यंत्राचा वेग, या तिघांची घड्याळं वेगळी चालतात. हे बाराव्या वर्षी पिवळ्या मोटरवर शिकता येतं, तेही फुकट.

आता तुमचे आक्षेप. पहिला: आपण स्वतः रोज लायब्ररी वापरतो, मग मुलांनी का नाही? वापरू देत की, पण आधी दुखणं कळू दे, मग औषध. दुसरा: आता एआय दहा सेकंदात डिबाउन्ससकट कोड देतो. देतो, आणि बऱ्याचदा चांगला देतो. पण रिसेट बॅटरीमुळे होतोय हे टेबलापाशी उभ्या असलेल्या मुलालाच दिसतं. त्याला प्रश्न नीट मांडता आला तरच एआय कामाला येईल, आणि प्रश्न मांडायला तो आधी पडायला हवा. तिसरा आणि खरा आक्षेप: सोमवारी प्रदर्शन आहे, वेळ कुठाय? इथेच तर घोडं पेंड खातं. शाळेला चालणारा रोबॉट हवा असतो, क्लासला व्हिडिओ हवा असतो, पालकांना स्टेटसला टाकायला फोटो हवा असतो. शिकणारं मूल यातल्या कुणालाच तातडीने नको असतं.

आणि पैशांची सबब सांगू नका. २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅबसाठी सरकार एकेका शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान देत आलं आहे, दहा हजारांच्या आसपास लॅब उभ्या राहिल्या, २०२५च्या बजेटमध्ये पाच वर्षांत आणखी ५० हजारांची घोषणा झाली. २०२०च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंग आलं आहे. सामान येईल. सामानाशेजारी गप्प बसू शकणारी माणसं कुठून आणायची, ते सांगा.

म्हणून एक विनंती. तुमच्यापैकी ज्यांना भाचरं, पुतणी किंवा सोसायटीतली उचापती पोरं आहेत, त्यांनी एक रविवार द्या. बटण द्या, दोन मोटर द्या, चांगली बॅटरी द्या. रोबॉट चुकीच्या दिशेने गेला की कीबोर्ड ओढून घेऊ नका. एवढंच विचारा, "तुला काय वाटतं, आर्डुइनोला आत्ता किती वेळा बटण दाबल्यासारखं दिसलं असेल?" आणि मग चहा घेऊन गच्चीत जाऊन बसा. तासाभराने पोरं स्वतःच हाक मारतील.