रात्रीच्या गाडीतले सूर
परवा लातूर स्टेशनवर मुंबईची रात्रीची गाडी सुटायच्या बेतात होती. दहा-अकरा वर्षांची एक मुलगी, गळ्याला मफलर, हातात कोमट पाण्याचा थर्मास. आणि आई सारखी दटावत होती, ‘बोलू नको गं, घसा बसंल!’ वाहिनीवरच्या गाण्याच्या स्पर्धेच्या निवड चाचणीला निघाली होती मंडळी. वडील चादरीत गुंडाळलेली पेटी बर्थखाली सरकवत अख्ख्या डब्याला विनवत होते, ‘तेवढा पाय लावू नका.’ मला झी मराठीचे ‘लिटिल चॅम्प्स’ आठवले. 2009च्या महाअंतिम फेरीतली ती पाच मुलं तुम्हीही विसरला नसाल : आळंदीची कार्तिकी गायकवाड, रत्नागिरीकडचा प्रथमेश लघाटे, अलिबागची मुग्धा वैशंपायन, पुण्याची आर्या आंबेकर आणि आमच्या लातूरचा रोहित राऊत. मुंबईचं एकही नाही! जिंकली कार्तिकी. स्टुडिओ आणि दिवे मुंबईचे, गळे सगळे बाहेरगावचे. म्हणून सांगतो, बाहेरगावच्या मुलाचं आणि सोबतच्या एका पालकाचं गाडीभाडं, मुक्काम, जेवण वाहिन्यांनी पहिल्या चाचणीपासूनच सोसलं पाहिजे. निवड झालेल्याला सगळेच विचारतात. ही पहिली खेप मात्र रजा टाकून, म्हशीची धार शेजाऱ्यांवर सोपवून, उसनवारी करून होते. आणि ज्याला परत पाठवायचं, त्याला परीक्षकांनी पाच मिनिटं जवळ बसवून सूर नेमका कुठे हलला ते गाऊन दाखवावं. रात्रभर प्रवास करून आलेल्या लेकराचा तेवढा हक्क आहेच.