बादल्यांचा नाद आणि आठ तिकिटे

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात, फिलाडेल्फिया शहराच्या पश्चिमेस, इमॅक्युलाटा नावाचे एक लहानसे कॅथलिक विद्यापीठ आहे; त्या काळी ते महाविद्यालय होते. १९७२ साली तेथे केवळ मुली शिकत आणि संस्थेचा कारभार व्रतस्थ भगिनी पाहत. १९६७ च्या नोव्हेंबरात या महाविद्यालयाची क्रीडाशाळा आगीत जळून गेली. बास्केटबॉलचा संघ होता, पण खेळायला स्वतःची जागा उरली नाही. सराव नवदीक्षित भगिनींच्या निवासाच्या तळघरात चाले आणि प्रत्येक सामना दुसऱ्याच्या अंगणात खेळावा लागे.

१९७० मध्ये कॅथी रश ही अवघ्या बावीस वर्षांची तरुणी या संघाची प्रशिक्षक झाली. वेतन ठरले संपूर्ण हंगामाचे ४५० डॉलर. त्या काळीही ही रक्कम मानधन म्हणण्याइतकीच होती. तिचे पती व्यावसायिक बास्केटबॉलमधील पंच होते, त्यामुळे पुरुषांच्या खेळातील डावपेच तिला घरबसल्या ठाऊक होत असत. मुलींचा खेळ त्या वेळेपर्यंत वेगळ्या नियमांनी बांधलेला होता. सहा खेळाडूंचा संघ, आणि त्यांतील बहुतेकींना अर्धेच मैदान मोकळे. १९७१ पासून पाच जणींनी पूर्ण मैदानभर खेळण्याचा नियम अधिकृत झाला. कॅथीच्या मुली धावण्यास सज्ज होत्या, आणि धावण्याची परवानगी नेमकी त्याच सुमारास मिळाली.

संघाचा कणा थेरेसा शँक ही उंच खेळाडू होती. तिला वास्तविक मेरीलँडमधील दुसऱ्या महाविद्यालयात जायचे होते. परंतु तिच्या कुटुंबाचे राहते घर आगीत भस्मसात झाले. अशा वेळी घरच्यांना सोडून दूर राहणे तिला प्रशस्त वाटले नाही, म्हणून घरी राहून जा-ये करता येईल असे इमॅक्युलाटा तिने निवडले. एका आगीने महाविद्यालयाची क्रीडाशाळा नेली, दुसऱ्या आगीने त्याला सर्वोत्तम खेळाडू दिली. याला योगायोग म्हणावे की आणखी काही, हे ज्याचे त्याने ठरवावे.

१९७१-७२ च्या हंगामात हा संघ एकामागून एक सामने जिंकत गेला. मग विभागीय अंतिम सामना आला. समोर होते शेजारचेच वेस्ट चेस्टर स्टेट महाविद्यालय, म्हणजे कॅथी स्वतः जेथे शिकली तेच. महिलांची पहिली राष्ट्रीय निमंत्रित स्पर्धा १९६९ मध्ये भरली ती याच संस्थेच्या पुढाकाराने, आणि जिंकलीही त्यांनीच. त्यांनी इमॅक्युलाटाला ७० विरुद्ध ३८ असे धूळ चारली. बत्तीस गुणांचे अंतर! संपूर्ण हंगामातील हा एकमेव पराभव, पण असा की त्यानंतर कोणीही गाशा गुंडाळला असता तर नवल नव्हते.

तरीही राष्ट्रीय स्पर्धेचे निमंत्रण आले. इलिनॉय राज्यातील नॉर्मल या गावी १६ संघ जमणार होते आणि मानांकनात इमॅक्युलाटाचा क्रमांक होता पंधरावा. आता प्रश्न पैशांचा होता. मुलींनी दात घासण्याचे ब्रश विकून निधी जमवला. दारोदार ब्रश विकून विमानाचे भाडे उभे करणे म्हणजे काय, हे गल्ल्यावर बसून पै-पै जोडणाऱ्या घरांना वेगळे सांगायला नको. एवढे करूनही हिशेब सर्वांसाठी जुळला नाही. आठच खेळाडू निघू शकल्या, त्याही आसन रिकामे राहिले तरच मिळणाऱ्या स्वस्त तिकिटांवर. वर्षभर सोबत घाम गाळलेल्या उरलेल्या मुली मागे राहिल्या. विजयाच्या कथांत हा भाग सहसा एका वाक्यात उरकला जातो. त्या मुलींना तो तितक्या लवकर उरकता आला असेल असे वाटत नाही.

गणवेश होता लोकरी, चुण्यांचा, शाळकरी मुलींच्या झग्यासारखा. त्या वेषात या आठ जणींनी प्रथम साउथ डकोटा स्टेटला हरवले. इंडियाना स्टेटवर ४९-४७ असा निसटता विजय मिळवला. उपांत्य फेरीत आदल्या वर्षीच्या विजेत्या मिसिसिपीच्या संघाला ४६-४३ असे नमवले. आणि अंतिम सामन्यात पुन्हा वेस्ट चेस्टर! बत्तीस गुणांची जखम अद्याप ओली होती. या वेळी निकाल लागला ५२-४८, इमॅक्युलाटाच्या बाजूने. जाताना रिकाम्या आसनांची वाट पाहणारा हा संघ परतताना विमानाच्या पहिल्या वर्गातून आला.

पुढच्या दोन्ही वर्षी विजेतेपद त्यांचेच राहिले. त्यांच्या सामन्यांतील प्रेक्षक हा स्वतंत्र विषय आहे. रेनी म्यूथ या खेळाडूच्या वडिलांचे हार्डवेअरचे दुकान होते. त्यांनी दुकानातल्या जस्ती बादल्या आणि लाकडी दांडके आणून वाटले आणि पाहता पाहता व्रतस्थ भगिनींसह सारा जमाव त्या बडवू लागला. प्रतिस्पर्ध्यांना तो नाद असह्य होई. दुकानदार पित्याने मुलीच्या खेळासाठी जे जवळ होते ते दिले, आणि त्याच्याजवळ बादल्या होत्या.

१९७५ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये क्वीन्स महाविद्यालयाविरुद्ध त्यांचा सामना झाला, तेव्हा सुमारे बारा हजार प्रेक्षक जमले होते. मात्र काळ बदलत होता. पहिल्या विजेतेपदानंतर तीनच महिन्यांनी, २३ जून १९७२ रोजी, शिक्षणसंस्थांत स्त्री-पुरुष भेद करण्यास मनाई करणारा कायदा अमेरिकेत झाला. त्यामुळे मोठमोठी विद्यापीठे हळूहळू मुलींच्या खेळावर खर्च करू लागली, खेळाडूंना शिष्यवृत्त्या देऊ लागली. मुलींच्या दृष्टीने हे न्याय्यच झाले. पण ब्रश विकून प्रवास करणाऱ्या छोट्या संस्थेची त्या बाजारात पत ती किती? १९७५ आणि १९७६ या दोन्ही वर्षी अंतिम सामन्यात मिसिसिपीच्या डेल्टा स्टेटने त्यांना हरवले. १९७७ मध्ये कॅथी रशने पद सोडले. सात वर्षांत १४९ विजय आणि १५ पराभव, असा तिचा ताळेबंद.

खेळाडूंपैकी कित्येक पुढे स्वतः प्रशिक्षक झाल्या. थेरेसाने १९९२ च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या महिला संघाला मार्गदर्शन केले. २०१४ मध्ये बास्केटबॉलच्या सन्मानदालनात इमॅक्युलाटाच्या त्या तीन वर्षांच्या संघांचा समावेश झाला. तेथे नाव संघाचे आहे; कोणाला तिकीट मिळाले आणि कोणाला नाही, याची नोंद त्यात नाही.